देवमासे न बघता मोजतात ते कसे?

प्रश्न असा होता: "समुद्रात माइक सोडून शास्त्रज्ञ देवमाशांचा अभ्यास करतात असं वाचलं. नुसत्या आवाजावरून कोणता देवमासा, कुठे आहे, किती आहेत हे खरंच कळतं, की सगळं अंदाजपंचे? आणि माझ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला यात काही करता येईल का?"

आधी थोडक्यात सांगते. कोणता देवमासा, हे आवाजावरून बहुतेक वेळा ठामपणे कळतं. कुठे आहे, हे एकापेक्षा जास्त माइक नीट अंतरावर लावले असतील तर कळतं. किती आहेत? इथे घोडं पेंड खातं. अंदाजपंचे नसतं, पण या कामातले खरे कष्ट तिसऱ्या प्रश्नातच आहेत, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच भाग गाळलेला असतो. माझं शिक्षण तुमच्यासारखंच इलेक्ट्रॉनिक्सचं आणि पोटापाण्याचं काम पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणांचं विश्लेषण, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. अगदी नितळ समुद्रातही नजर पन्नासेक मीटरांपलीकडे फारशी पोचत नाही. देवमासा श्वासाला वर येतो तो थोडा वेळ. तेवढ्यात तुमची बोट तिथे हवी, उजेड हवा, समुद्र शांत हवा. आवाजाला यातलं काही लागत नाही. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने, आणि खर्जातला आवाज वाटेत फारसा विरत नाही. शिवाय खोल समुद्रात एक आयती सोय आहे. वरून खाली जाताना पाणी गार होतं तसा आवाजाचा वेग घटतो. आणखी खाली दाबामुळे तो पुन्हा वाढतो. मधे, उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत सुमारे एक किलोमीटर खोलीवर, सगळ्यात कमी वेगाचा थर असतो. त्या थरातला आवाज वर किंवा खाली निघाला की वळून परत आत येतो. पृष्ठभागावर किंवा तळावर आपटून वाया जात नाही. १९६० साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात केलेले स्फोट पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, बर्म्युडाला, सुमारे पावणेचार तासांनी ऐकू आले होते.

या थराचा पहिला मोठा उपयोग अर्थातच युद्धासाठी झाला. सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढायला अमेरिकन नौदलाने १९५०च्या दशकापासून समुद्रतळावर माइकांच्या रांगा टाकल्या. त्यांच्यावर २० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला वीस कंपनांच्या) आसपास एक घुमारा सारखा उमटायचा, इतका नियमित की सोव्हिएत यंत्रणेचा संशय यावा. अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या विल्यम शेव्हिल आणि विल्यम वॉटकिन्स यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की तो फिन व्हेल या जातीच्या देवमाशाचा आवाज आहे. पुढे शीतयुद्ध संपलं, त्या रांगा काही शास्त्रज्ञांना खुल्या झाल्या, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर क्लार्क यांनी एकाच ब्लू व्हेलचा ४३ दिवस नुसत्या आवाजावरून पाठलाग केला. जहाज नाही, दुर्बीण नाही.

आता प्रत्यक्ष काम. पाण्याखालच्या माइकला हायड्रोफोन म्हणतात. आत पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचा तुकडा असतो. पाण्याचा दाब थरथरला की त्यातून व्होल्टेज निघतं. मागे क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप, रेकॉर्डर, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डं. सगळं एका नळकांड्यात बंद करून तळाशी वजनाला बांधून सोडायचं आणि काही महिन्यांनी परत आणायचं. सॅम्पलिंग किती ठेवायचं हे कोणाला ऐकायचंय त्यावर ठरतं. फक्त ब्लू व्हेल हवा असेल तर सेकंदाला २,००० नमुने भरपूर झाले; १६ बिटांत दिवसाचे ३५० एमबीसुद्धा होत नाहीत. पण आपल्या कोकण किनाऱ्याजवळ पाठीवर पर नसलेला छोटा पोर्पॉइज (डॉल्फिनचा भाऊबंद) असतो, त्याचे क्लिक १०० किलोहर्ट्झच्या वर असतात. त्याच्यासाठी सेकंदाला ३,८४,००० नमुने घ्या, की दिवसाला ६६ जीबी! मग बॅटरी आणि कार्ड यांच्यात भांडण लागतं आणि दर अर्ध्या तासात दहाच मिनिटं रेकॉर्ड करायचं असली तडजोड करावी लागते.

परत आलेल्या नळकांड्यावर शंखशिंपल्यांची पुटं चढलेली असतात. आत जे सापडतं त्यातलं बहुतेक देवमाशाचं नसतं. उथळ पाण्यात नांगी फटकन मिटणाऱ्या कोळंब्यांचा आवाज अखंड चालू असतो, कढईत मोहरी तडतडावी तसा. त्यावर जहाजांची घरघर, पाऊस, ट्रॉलरचं इंजिन, कधी रेकॉर्डर बांधलेली दोरीच साखळीवर घासते. हे सगळं कानाने ऐकत बसलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून आम्ही आवाज बघतो. आवाजाच्या या चित्रात, म्हणजे स्पेक्ट्रोग्राममध्ये, आडवी वेळ, उभी वारंवारता, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. जहाज आलं की आडव्या समांतर रेघा उमटतात, त्या हळूहळू ठळक होतात आणि विरतात. फिन व्हेल म्हणजे अगदी तळाशी, २० हर्ट्झला, सेकंदभराचे आखूड ठिपके, ठरावीक अंतराने, तासन् तास. हंपबॅक देवमासा आला तर अख्खा पडदा भरून वाकडीतिकडी वेलबुट्टी, आणि नीट बघितलं तर तीच नक्षी काही मिनिटांनी पुन्हा येते. बऱ्याच ब्लू आणि फिन व्हेलचे आवाज आपल्या कानाच्या खालच्या मर्यादेवर किंवा त्याहून खाली असतात. ऐकायचेच असतील तर रेकॉर्डिंग दहापट वेगाने वाजवावं लागतं.

"कोणता" हा प्रश्न इथेच सुटतो, आणि नुसती जात कळून थांबत नाही. ब्लू व्हेलच्या प्रत्येक समूहाचं गाणं ठरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तेच राहतं; फक्त त्याची पट्टी मात्र जगभर हळूहळू उतरत चाललीय (कॅलिफोर्नियाकडच्या गाण्याची १९६०च्या दशकापासून सुमारे ३१ टक्के उतरली, आणि का ते अजून कुणाला पटेल असं सांगता आलेलं नाही). आपल्या बाजूचं गाणं १९८४ मध्ये श्रीलंकेत त्रिंकोमालीजवळ ध्वनिमुद्रित झालं: तीन भागांचं, शेवटी १०० हर्ट्झच्या आसपासचा लांब सूर. तेच गाणं दिव्या पणिकर आणि कॅथलीन स्टॅफर्ड या संशोधकांना लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ ठेवलेल्या रेकॉर्डरांवर मिळालं, विशेषतः पावसाळ्याआधीच्या एप्रिल-मेमध्ये. त्यांचा निबंध २०२१ चा. त्याच्या आदल्या वर्षी ओमानकडच्या रेकॉर्डिंगांत एक वेगळंच, आधी कुणी नोंदवलेलं नसलेलं ब्लू व्हेलचं गाणं जाहीर झालं. आणि २०२१ मध्येच चागोस बेटांजवळ तिसरं. हे तिसरं ज्या माइकांवर सापडलं ते अणुचाचण्या पकडण्यासाठी दिएगो गार्सियाजवळ बसवलेले होते. बॉम्बसाठी टाकलेल्या गळाला ब्लू व्हेलचा एक अख्खा समूह लागला, तोही जुन्या फायली पुन्हा तपासल्यावर.

अरबी समुद्राबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्याला त्यातले देवमासे आठवतात ते 'व्हेलची उलटी पकडली' या बातमीत, नाहीतर २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू किनाऱ्याला लागलं तसं काही झालं की. याच समुद्रात हंपबॅकचा एक समूह आहे जो दक्षिणेला अंटार्क्टिकाकडे जातच नाही, बारा महिने इथेच राहतो. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यातले २४२ बेकायदा मारले. आता शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. इतके थोडे प्राणी एवढ्या समुद्रात बोटीने शोधणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. पण नर गातात, आणि आग्नेय अरबी समुद्राच्या उथळ पाण्यात त्यांचं गाणं नोंदलं गेलंय. पश्चिम किनाऱ्यावर महत्त्वाच्या जागांवर वर्षभर रेकॉर्डर ठेवणं हा माझ्या मते या प्राण्यांवरचा सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी खर्च आहे.

"कुठे" याचं गणित तुम्हाला अवघड नाही. दोन हायड्रोफोन एकमेकांपासून दीड किलोमीटरवर आहेत. एकच हाक पहिल्यावर ०.४ सेकंद आधी आली, म्हणजे देवमासा पहिल्याला दुसऱ्यापेक्षा ६०० मीटर जवळ आहे. या अटीत बसणाऱ्या सगळ्या जागा जोडल्या की नकाशावर एक हायपरबोला (उघडी वक्र रेघ) मिळतो. तिसरा हायड्रोफोन दुसरा हायपरबोला देतो. छेदतात तिथे आपला गायक. कागदावर हे दोन ओळींचं आहे. पाण्यात मात्र प्रत्येक रेकॉर्डरचं घड्याळ वेगळं धावतं, काही महिन्यांत ते सेकंदाने जरी हललं तरी देवमासा दीड किलोमीटर सरकतो. त्यामुळे सोडताना आणि काढताना घड्याळं जुळवणं, मधे सगळ्यांना ऐकू जाईल असा एखादा ओळखीचा आवाज सोडणं, हे नीरस काम ज्याने मनापासून केलं त्याचेच नकाशे विश्वासाचे.

आता "किती". समजा एका दिवसात ६०० हाका सापडल्या. हे सहाशे नर एकेकदा बोलले की एकच पठ्ठ्या दर अडीच मिनिटांनी गात राहिला? हे ठरवायला तीन गोष्टी लागतात: एक प्राणी तासाला सरासरी किती वेळा बोलतो, आपला माइक त्या दिवसाच्या गोंगाटात किती अंतरापर्यंत ऐकू शकतो, आणि एकूण प्राण्यांत बोलणारे किती. पहिलीसाठी पाठीवर सक्शन कपने चिकटणारे रेकॉर्डर वापरतात. दुसरी रोज बदलते. वारा वाढला की माइकचा पल्ला आखडतो. तिसरी सगळ्यात डोकेदुखी, कारण हंपबॅक, फिन आणि ब्लू यांच्यात लांबलचक गाणी नर गातात. माद्या आणि पिल्लं हिशोबात थेट येत नाहीत. म्हणून आमच्या अहवालांत एक नियम कटाक्षाने पाळतात. आवाज आला तर 'आहे' लिहायचं. नाही आला तर 'नाही' लिहायचं नसतं, 'नोंद नाही' लिहायचं.

मग मोजणी जमते तरी कुठे? माझं आवडतं उदाहरण अलास्काच्या उत्तर टोकावरच्या बॅरो (आताचं नाव उत्कियाग्विक) गावचं. वसंतात बोहेड देवमासे बेरिंग समुद्राकडून बर्फातल्या भेगांमधून पूर्वेला जातात, आणि तिथले इनुपियात लोक पिढ्यान्पिढ्या त्यांची शिकार करत आले. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने या शिकारीवर बंदी घातली, कारण बर्फाच्या कडेला बसून केलेल्या मोजणीवरून देवमासे फारतर दोनेक हजार उरलेत असं दिसत होतं. शिकाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं: तुम्ही भेगेजवळचे तेवढे मोजताय, बाकीचे लांबून आणि बर्फाखालून जातात, भेग बंद झाली म्हणून ते थांबत नाहीत, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात. आयोगात बसलेल्या अनेकांना ही सोयीची गोष्ट वाटली. बंदी आरडाओरड्यानंतर छोट्या कोट्यावर आली, पण आकडा तोच राहिला.

१९८०च्या दशकात मग बर्फाच्या कडेने हायड्रोफोनांची रांग पाण्यात सोडली. तेच वेळेच्या फरकाचं गणित. एकेक हाक नकाशावर मांडत गेले तसे ठिपके भेगेच्या पलीकडे, निरीक्षकाच्या नजरेच्या कित्येक किलोमीटर बाहेर, बर्फाने झाकलेल्या पाण्यात पडू लागले. निरीक्षक जेव्हा 'भेग बंद, आज काही गेलं नाही' असं लिहीत होते त्या दिवशीही खालून वाहतूक चालू होती. इथे एक गोष्ट कामाला आली: प्राणी एकाच दिशेने जात होते, त्यामुळे एका हाकेपासून पुढच्या हाकेपर्यंतचा वेग आणि दिशा जुळते का हे बघून 'हा तोच' की 'हा दुसरा' ठरवता आलं. नुसत्या हाका मोजल्या असत्या तर फसले असते; त्यांनी माग मोजले आणि ते दिसलेल्या प्राण्यांच्या मोजणीला जोडले. १९९३ ची मोजणी ८,००० च्या आसपास गेली, २०११ ची जवळपास १७,०००. मधल्या काळात देवमासे खरोखर वाढलेही, हे खरं. पण सुरुवातीचा आकडा चुकीचा होता आणि शिकारी बरोबर होते, हे मिटलं ते कानांमुळे.

स्पर्म व्हेलची तऱ्हा आणखी वेगळी. तो गात नाही, क्लिक करतो, आणि एका क्लिकमध्ये मागोमाग छोटे ठोके असतात. आवाज नाकाच्या टोकाशी तयार होतो, डोक्यातल्या तेलाच्या पिशवीतून मागे जातो, कवटीजवळच्या हवेच्या पिशवीवर आपटून पुढे येतो. काही भाग पुन्हा तीच फेरी मारतो. म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ हा डोक्याच्या लांबीचा जाण्यायेण्याचा वेळ. ४ मिलिसेकंद आले तर प्राणी साधारण साडेदहा मीटरांचा, म्हणजे मादी किंवा तरुण. ७ आले तर पंधराच्या घरातला नर. हजार मीटर खाली अंधारात असलेल्या जनावराची लांबी वर बसून घेता येते. मला अजूनही हे सगळ्यात सुंदर मापन वाटतं.

वागणंही कळतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात तळाशी कायमचा हायड्रोफोन आहे. तिथे दिसलं की उन्हाळ्यात, खाण्याच्या हंगामात, ब्लू व्हेल मुख्यतः रात्री गातात, कारण दिवस खाण्यात जातो. स्थलांतराला निघाले की दिवसाही गायला लागतात. रात्रीच्या आणि दिवसाच्या गाण्याचं प्रमाण काढलं की मंडळी कधी निघाली ते कळतं. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

या निमित्ताने एक तक्रार. '५२ हर्ट्झचा जगातला सर्वांत एकाकी देवमासा' हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी उत्तर पॅसिफिकमध्ये एका वेगळ्या पट्टीच्या आवाजाचा बारा वर्षं माग काढला, एवढं खरं. ५२ हर्ट्झ इतर देवमाशांना ऐकू येत नाही असं मानायला काही आधार नाही, आणि एकटेपणा तर कुठल्याच स्पेक्ट्रोग्रामवर उमटत नाही.

गोंगाटाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजवाहतूक मंदावली. त्याच वेळी कॅनडाच्या फंडी उपसागरात राइट व्हेलवर काम चालू होतं. एकीकडे पाण्यातले आवाज नोंदले जात होते आणि दुसरीकडे देवमाशांची विष्ठा गोळा करून त्यातली संप्रेरकं तपासली जात होती. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला आणि ताणाची संप्रेरकंही उतरली. रोझलिंड रोलंड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन्ही आकडे शेजारी ठेवले. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटलं तर कुठलं सरकार जहाजं थांबवणार? आज याच राइट व्हेलसाठी, ते चारशेच्याही खाली आलेत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऐकणारे तरंगते बोये आहेत. त्यांनी हाक पकडली की जहाजांना वेग कमी करायला सांगितलं जातं.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला इथे भरपूर काम आहे आणि जीवशास्त्र नंतर शिकता येतं. उलटा प्रवास मला जास्त कठीण दिसलाय. कमी नॉइजचा प्रीअँप, कमी वीज खाणारा रेकॉर्डर, न हलणारं घड्याळ, जहाज आणि फिन व्हेल यात गल्लत न करणारा डिटेक्टर, हे सगळे चालू प्रश्न आहेत. भारतात गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था पाण्याखालच्या ध्वनीवर काम करतात. इंटर्नशिपसाठी विचारून बघा. सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर मात्र नुसता पास होण्यापुरता करू नका.

सुरुवात आज रात्रीही करता येईल. माँटेरेचा तो हायड्रोफोन इंटरनेटवर लाइव्ह ऐकवतात. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरला हा खर्ज झेपत नाही. थोडं रेकॉर्ड करून रेव्हन लाइट किंवा ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रोग्राम उघडा आणि वारंवारतेचा अक्ष १०० हर्ट्झपर्यंत आणा, नाहीतर ब्लू व्हेल तळाच्या रेघेत दबून जाईल. ओळखू न येणारं काही दिसलं तर प्रतिक्रियेत स्क्रीनशॉट टाका, मी बघेन. सोबत सॅम्पलिंग रेट आणि विंडोचा आकार लिहा, त्याशिवाय काही सांगता येत नाही.